पुस्तकातलं ऑइल

विजयसिंहांनी नवा ट्रक घेतला, तेव्हा त्यांचा जुना ड्रायव्हर भिमा म्हणाला होता, "तात्या, ह्या गाडीच्या पुस्तकात येगळं ऑइल लिवलंय." विजयसिंहांनी ते मनावर घेतलं नाही. जुन्या ट्रकला वीस वर्षं जे ऑइल चाललं, तेच त्यांनी ह्यातही भरायला लावलं.

ऐन हंगामात उसानं भरलेला ट्रक माळेगावच्या रस्त्यात बंद पडला. मागं गाड्यांची रांग लागली. विजयसिंह तिथं पोचले आणि सगळ्यांच्या देखत भिमाला नको नको ते बोलले. भिमानं किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तो वरकुट्याला घरी निघून गेला.

आठवड्यानं मेकॅनिकनं सांगितलं, "ड्रायव्हरचा दोष न्हाय. चुकीच्या ऑइलनं धुराचा फिल्टर चोंदलाय."

विजयसिंह तडक वरकुट्याला गेले. "भिमा, चूक माझी हाय. त्या दिवशी रस्त्यात तू का बोलला न्हाईस?"

"एवढ्या लोकांत तुमची चूक कशी काढायची, तात्या?"

विजयसिंहांना मान वर करवेना. "उद्यापासनं कामावर ये," ते कसंबसं म्हणाले.

"येतो की. पर आत्ता जे बोललासा, तेवढं माझ्या लेकीला सांगा. त्या दिवशी तिच्या कॉलेजची एसटी त्याच रांगंत हुती."

तेवढ्यात ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मालकांना दारात बघून ती थबकली आणि हळू आवाजात बापाला म्हणाली, "आण्णा, आता आणि काय चुकलं तुमचं?"