मादामचं वय

"केल आज आव्हे-व्हू, मादाम?" दामोदरपंतांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"'आज' जरा लांबवा, अण्णा," नयना म्हणाली. "आणि विचारताना हसायचं."

"पण बाईमाणसाला पहिल्याच भेटीत वय विचारायचं?"

"फ्रेंच लोकांत विचारतात. आपण नाही का गाडीत शेजाऱ्याला गाव, पगार, मुलंबाळं सगळं विचारत? आपुलकी वाटते त्यांना."

दामोदरपंतांनी मान डोलावली आणि वाक्य परत घोकायला घेतलं.

"आज काय नि उद्या काय, एकदाचं पाठ करून टाका!" नयनाची आई मथुराबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. नयनाला हसू आलं नाही. तिने वडिलांना धडधडीत खोटं शिकवलं होतं. फ्रेंच बाईला वय विचारणं म्हणजे तिचा अपमान करणं, हे कॉलेजात फ्रेंचच्या पहिल्याच वर्षी, पलीकडच्या गल्लीतच राहणाऱ्या हयवदनराव सरांनी सगळ्या वर्गाला बजावलं होतं.

दामोदरपंतांच्या कारखान्यात फ्रेंच यंत्रं येणार होती आणि ती शिकायला एका इंजिनियरला दोन वर्षं फ्रान्सला पाठवायचं होतं. नावं दोनच उरली होती, दामोदरपंत आणि तरुण उमाकांत. यंत्रं दोघांनाही येत होती. माणसांत कोण रुळेल ते बघायला फ्रेंच कंपनीचे साहेब बायकोसह बंगळुरात येणार होते आणि दोघांना सहकुटुंब चहाला बोलावणार होते.

दामोदरपंतांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, पण फ्रान्स त्यांना हवं होतं. कारखान्याच्या बसमध्ये ते फ्रेंच पुटपुटत बसत आणि लोक त्यांना 'मुस्यो दामू' म्हणून चिडवत. निवड व्हायच्या आधीच त्यांनी गरम कापडाचा सूट शिवून घेतला होता. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत.

नयनाला या सगळ्याचं कौतुकच वाटलं असतं. पण मथुराबाईंनी अट घातली होती. "पोरीचे हात पिवळे करूनच विमानात बसा. दोन वर्षं मी एकटी बाई या कानडी मुलखात उपवर मुलगी सांभाळत बसायची की काय?" बेळगावचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा वकील, घर खाऊनपिऊन सुखी. बी.ए. अर्धवट राहिलं तरी चालेल, मुलीने फ्रेंच बोलून आम्हाला काय ऐकवायचंय, असं मुलाच्या आईने हसत हसत सांगितलं होतं.

"परीक्षा झाल्यावर नाही का चालणार, अण्णा?" नयनाने एकदा विचारलं होतं. दामोदरपंतांनी बायकोकडे पाहिलं आणि ते पानात वाढलेला भात कालवू लागले.

त्या रात्री नयना रडली. फ्रेंच हा तिच्यासाठी नुसता विषय नव्हता. वर्गात उभं राहून ती त्या भाषेत बोलू लागली की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटे. ते सोडायची कल्पनाच तिला सहन होईना. मग एके दिवशी अण्णा वही घेऊन तिच्यासमोर बसले, "चहाच्या वेळी काय बोलायचं ते शिकव गं," म्हणाले, आणि तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

चहाच्या दिवशी तिने जेवणाचं पान तसंच बाजूला सारलं. मथुराबाईंना वाटलं, पोर बापाच्या काळजीने अर्धी झालीय.

पाहुण्यांच्या बंगल्यावर उमाकांत सफाईने बोलला. हवा, बागा, कॉफी. साहेब खूश दिसले. मग दामोदरपंतांची पाळी आली. ते अडखळले, शब्द विसरले, पण इतक्या मोकळेपणाने हसले की साहेबही हसले. मादामनी तर बशी स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे सरकवली. अण्णा त्या दोघांना मनापासून आवडले होते. ते कुणालाही दिसलं असतं.

आणि नयनाला एकाएकी स्वतःची शिसारी आली. जाऊ दे ते बी.ए., तिला वाटलं. होऊ दे लग्न. तिने वडिलांची नजर गाठली आणि कुणाला कळणार नाही अशी मान हलवली. नको.

दामोदरपंतांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मादामकडे वळून, एकही अक्षर न अडखळता, हसत विचारलं, "केल आज आव्हे-व्हू, मादाम?"

मादामचं हसू मावळलं. साहेबांनी कप खाली ठेवला. कारखान्याचे मॅनेजर उगाचच खोकले आणि उमाकांत खिडकीबाहेर बघू लागला.

निवड उमाकांतची झाली.

मथुराबाईंनी नशिबाला बोल लावला आणि बेळगावला कळवून टाकलं की आता घाई नाही, मुलीची परीक्षा होऊ द्या. बेळगावकर थांबायला तयार नव्हते, त्यांनी दुसरी मुलगी बघितली. मथुराबाईंनी त्यावरही चार शब्द सुनावले आणि त्या लोणच्याच्या कैऱ्या आणायला बाजारात गेल्या.

नयनाला हवं ते सगळं मिळालं होतं. पण पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत नव्हती.

दामोदरपंत सुटात डांबराच्या गोळ्या घालून तो ट्रंकेत ठेवत होते. नयना दाराशी उभी राहिली.

"अण्णा, तुमची चूक नव्हती. मी तुम्हाला मुद्दाम चुकीचं शिकवलं. मला लग्न नको होतं. मला क्षमा करू नका."

दामोदरपंतांनी कोटाची बाही सरळ केली, ट्रंकेचं झाकण लावलं आणि कडी घातली.

"रडू नकोस," ते म्हणाले. "मादामना वय विचारायचं नसतं, हे मला तुझ्या हयवदनराव सरांनी चहाच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं."