ऑफिसातली सवत

नवऱ्याच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला ती सवतच म्हणायची. घरी आल्यावरही नवऱ्याच्या तोंडी त्याचंच कौतुक, सुट्टीच्या दिवशीही जीव त्याच्यातच अडकलेला.

एका संध्याकाळी नवरा चेहरा पाडून आला. "जुनी सिस्टीम काढून टाकली गं आज. नवी बसवली."

सुटले बाई एकदाची! हसू ओठांत दाबून तिने चहात साखर जरा सढळ हातानेच घातली.

"जुनीचा कसला म्हणून जाच नव्हता," तो उसासा टाकत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून एकच पासवर्ड, तुझं नाव. ही नवी दर महिन्याला वेगळा मागते, जुना चालवूनच घेत नाही."

तिने कप टेबलावर आदळला.



"मग या महिन्यात कुणाचं नाव घातलंत?"