आडवा पत्ता

त्या पत्राला ईश्वर शिवशरण यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार ओळींचं होतं. 'रविवारी सकाळी जेऊरच्या स्टेशनावर वाट बघेन. उत्तर आलं नाही तर काय ते समजून जाईन. पुन्हा लिहिणार नाही.' उत्तर गेलं नाही, आणि पुन्हा पत्रही आलं नाही. कपाटात शब्दकोशाच्या मागे ते पाकीट अजून होतं. शाई तपकिरी पडली होती.

हिवाळ्यात ते आठ दिवस दवाखान्यात होते. आपल्या मागे हे कपाट कोण आवरणार, हा विचार तेव्हापासून सुटत नव्हता.

"अण्णा, आज दहा पत्त्यांची मांडणी," धम्मप्रिया म्हणाली. तिने दिवाणावरची चादर ताणून घेतली आणि टॅरोचे पत्ते पिसायला लागली.

घरात दोघंच, बाप आणि लेक. ती अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायची. आई गेल्यापासून स्वयंपाकही तीच करायची. तिच्या लग्नाचं विचारणारे नातेवाईक आता विचारायचे थांबले होते. हे पत्ते ती मोबाइलवर बघून शिकली होती, आणि दोन महिन्यांपासून दर रविवारी अण्णांना शिकवत होती.

"आपल्या घरात कधी पंचांग शिरलं नाही," पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "आणि तू हे आणलंस."

"यात पुढचं काही कळत नाही, अण्णा. कळलं तर मागचंच कळतं."

ईश्वरराव जन्मभर वाचनालयात कारकून होते. पुस्तकाशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. प्रत्येक पत्त्याचा अर्थ त्यांनी वहीत उतरवला होता आणि तरी बरोबर उतरवलाय की नाही, याची खात्री नव्हती.

"वही मिटा," धम्मप्रिया म्हणाली. "काय विचारायचंय ते मनात धरा."

"एक पत्र होतं. उत्तर द्यायचं राहिलं."

तिचे हात थांबले. "कुणाचं?"

"जुनं आहे."

"बाईचं की काय?" ती हसली. "आईला माहीत होतं?"

"होतं. चुलीत घाल म्हणाली. मला ते जमलं नाही."

"आई अशीच होती की," ती म्हणाली, आणि पत्ते मांडायला लागली.

पहिल्या पत्त्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई होती. भोवती तलवारी रोवलेल्या.

"काय दिसतं?"

"तिनं स्वतः बांधली नसेल पट्टी. हात मागं बांधलेत. चुकतंय का माझं?"

"चुकायला ही काय परीक्षा हाय?" तिने दुसरा पत्ता पहिल्यावर आडवा ठेवला. "हा आडवा पत्ता. आडवं कोण आलं ते सांगतो."

दगडी सिंहासनावर दाढीवाला म्हातारा बसला होता. ईश्वरराव बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"वडील आडवे आले," ते म्हणाले.

"आजोबा? मला तर खिशातून गूळ-शेंगा काढून द्यायचे. ते कसले आडवे येतात?"

"जात वेगळी होती. वैरागकडची माणसं, जमीनदार. तिथं काय हाल होतील, या भीतीनं..." ते थांबले. "भीती खरी होती. पण विचारायला पाहिजे होतं. विचारलंच नाही."

बाकीचे पत्ते धम्मप्रियाने सावकाश मांडले. दहाव्यावर बर्फातून चाललेली दोन माणसं होती, अंगावर चिंध्या.

"हा शेवट?"

"शेवट न्हाई. असंच चालू राहिलं तर काय होईल, एवढंच."

"दोघं एकाच वाटेनं चाललेत," ते म्हणाले, "पण एकमेकांकडं बघत नाहीत."

"आता शिकलात तुम्ही." तिने पत्ते गोळा केले. "उत्तर द्या, अण्णा. पत्ता हाय का?"

"पाकिटावर आहे. अजून तोच आहे."

"मग अडलं कुठं?"

"वाचून ते माणूस कायमचं तुटेल."

"आता तुटायला राहिलंय काय? इतकी वर्षं त्या बिचारीनं काय समजायचं ते समजलं असेल. खरं तरी कळू द्या." उठता उठता ती म्हणाली, "आणि सबबी नका लिहू. तुम्हाला लई सवय हाय."

त्यांनी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा सबबी गळाल्या आणि कागद अर्धाच भरला. त्याच्यासोबत त्यांनी ते जुनं पत्रही घडी घालून ठेवलं. जुन्या पाकिटावरचं नाव नव्या पाकिटावर जसंच्या तसं उतरवलं.

सोमवारी धम्मप्रियाची स्कूटर गल्लीबाहेर गेल्यावर ते पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं.

"आजोबा, हे इथलंच हाय की. चालत जाऊन हातात द्या, पैसे वाचतील."

"हातानं द्यायचं जमलं नाही, बाई."

"आणि पाठवणाऱ्याचा पत्ताबी हाच लिवलाय. चुकलं व्हय?"

"नाही. बरोबर आहे."

बाईंनी मान हलवली, चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत कॉम्प्युटरवर नाव घातलं, "कुमारी धम्मप्रिया ईश्वर शिवशरण."