बुरशी झुकते तिकडे

धान्य तपासायच्या आमच्या खोलीत काचेच्या बश्यांमध्ये बुरशी वाढवतात. इतरांच्या बशीत ती गोल पसरते. ताईंच्या बशीत मात्र ती एका बाजूला झुकते, आणि ज्या बाजूला झुकते तिथलंच पोतं विषारी निघतं.

साहेब याला योगायोग म्हणतात. पण शेंगदाणे मात्र ताईंना विचारल्याशिवाय तोंडात टाकत नाहीत.

"बुरशीचं ऐकून घ्यायचं, पण खात्री दिव्यानेच करायची," असं ताई म्हणतात. मग पडदे ओढून त्या जांभळा दिवा लावतात आणि त्या पोत्यातले विषारी दाणे हिरवट चमकू लागतात. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही पोतं चुकलेलं नाही. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात सगळी पोती परत गेली. खोली रिकामी होती. तरी सगळ्या बश्यांमधली बुरशी माझ्या खुर्चीकडे झुकली.

"आता मलाच पोत्यात भरा," मी म्हटलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझी खुर्ची उचलून समोरच्या खिडकीपाशी ठेवली, नव्या बश्या मांडल्या आणि मला रोज तिथेच बसवलं.

आज सकाळी आम्ही दोघींनी मिळून झाकणं उघडली. सगळी बुरशी खिडकीकडे झुकली होती.

ताईंनी सावकाश पडदे ओढले, दिवा लावला आणि माझी हनुवटी धरली. त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "जरा जीभ दाखव."