मुलाखतीचं तिसरं उत्तर

“बसा म्हटल्याबिगर बसाचं नाई,” गुलाबराव गुरुजी म्हणाले. “जाय, पुन्हा बाहीरून ये.”

तुळसा छपरीच्या बाहेर गेली, पुन्हा आत आली आणि नमस्कार करून उभी राहिली. गुरुजी वांग्यांच्या पालथ्या टोपलीवर साहेबासारखे ताठ बसले होते. त्यांनी मान हलवली. मग ती बसली.

सोमवारी अकोल्याला मुलाखत होती. मुक्या-बहिऱ्या मुलांसाठी तिथं नवी शाळा निघत होती आणि एक शिक्षिका हवी होती. वर्तमानपत्रातला तो कागद गुरुजींनीच आणून दिला होता. अर्जही त्यांनीच लिहवून घेतला. त्यांच्या नोकरीची वर्षं वाशीम-मंगरूळकडच्या दहा-बारा गावांत गेली होती. पेन्शन घेतल्यावर ते शेलूबाजारला परत येऊन राहिले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. म्हाताऱ्याचा वेळ जात नाही म्हणून माळ्याच्या पोरीला शिकवतो, असं लोक म्हणत.

तुळसा एकवीस वर्षांची होती, सातवी पास. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती जी कुठल्या शाळेत मिळत नव्हती. तिचा धाकटा भाऊ नथ्थू जन्मापासून बहिरा होता. त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर धरून, वाफ्यातल्या ओल्या मातीत अक्षरं काढून तिनं त्याला नऊ वर्षांत लिहायला, वाचायला आणि थोडं बोलायलाही शिकवलं होतं. आता सोळा वर्षांचा नथ्थू बाजारात एकटा भाजी विकायचा.

गुरुजी आले की मात्र नथ्थू मळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचा. आई, कस्तुराबाई, चहा करायची, पण तो बाहेर तुळसालाच न्यावा लागे. पोरीनं परगावी नोकरी करावी हे आईला पटलेलं नव्हतं.

“मॅट्रिक झालेल्या पोरी येतीन तिथं,” ती म्हणायची. “तुले कोन घेईन?”

“नथ्थूले मॅट्रिकवालीनं शिकवलं काय, माय?” तुळसा विचारायची. आई चुलीकडं वळायची.

पहिले दोन प्रश्न सोपे होते, नाव-गाव आणि शिक्षण. तिसऱ्यावर गाडी अडली.

“या कामाकडे तुम्ही कशा वळलात?” गुरुजींनी शुद्ध भाषेत विचारलं.

“माझ्या भावाची शाळा तब्येतीमुळे सुटली. म्हणून मी त्याला घरी शिकवलं.”

 गुरुजींनी तिच्या वहीतलं ते उत्तर खोडलं आणि खाली स्वतःच चार ओळी लिहिल्या. लिहिताना ते एकदाही अडखळले नाहीत. वही त्यांनी तिच्यापुढं सरकवली.

तुळसानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

“असंच सांगू, गुरुजी?”

“असंच. खोटं सांगशीन तं डोये खाली जातीन, अन् साहेब लोक डोयेच पायतात. एक शब्द कमी करू नको.”

त्यानंतरचे चार दिवस त्यांनी ते उत्तर तिच्याकडून रोज म्हणून घेतलं. तिचा आवाज कुठं मऊ पडला की ते थांबवायचे आणि पुन्हा म्हणायला लावायचे.

सोमवारी पहाटेच्या मोटारीनं दोघं अकोल्याला निघाले. निघताना कस्तुराबाईनं पहिल्यांदाच बाहेर येऊन गुरुजींच्या हातात भाकरीची शिदोरी दिली. 

शाळेच्या व्हरांड्यात सात बाया बसल्या होत्या, त्यातल्या तीन मॅट्रिक. तुळसाचं नाव पुकारलं तेव्हा गुरुजी भिंतीकडच्या बाकावर बसले. आपण आत येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

आत तिघं होते. अध्यक्ष एक वकील होते, शेजारी एक डॉक्टरीणबाई आणि टोकाला शाळा तपासणीचे निवृत्त अधिकारी. डॉक्टरीणबाईंनी एका सहा वर्षांच्या बहिऱ्या मुलीला पुढं आणलं आणि हिला काहीतरी शिकवून दाखवा म्हणाल्या. हे काही तयारीत नव्हतं. तुळसा सरळ जमिनीवर बसली. टेबलावरचा कागदाचा कपटा मागून घेतला, ओठांपुढं धरला आणि “फ” म्हणाली. कपटा उडाला. मुलगी हसली. मग तिनं कपटा मुलीच्या ओठांपुढं धरला. पाचव्या खेपेला तो फडफडला आणि खोलीत एक फुटका, खरखरीत “फ” ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

मग नाव-गाव, शिक्षण विचारून वकीलसाहेबांनी तोच तिसरा प्रश्न विचारला, या कामाकडे कशा वळलात. तुळसानं डोळे खाली केले नाहीत.

“माझा भाऊ सात वर्षांचा असताना शाळेत गेला. गुरुजींनी हाक मारली की तो ओ देत नसे, म्हणून त्यांनी त्याला महिनाभर रोज छडीनं मारलं. मग ‘मंदबुद्धी’ असा शेरा लिहून त्याचं नाव काढलं. त्याला ऐकू येतं की नाही, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.”

तिघांनी आपसांत हळू आवाजात बोलून घेतलं. बाहेरच्या बायांना परत पाठवायला वकीलसाहेबांनी शिपायाला सांगितलं आणि तुळसाला म्हणाले, एक तारखेपासून कामावर या.

तुळसानं हात जोडले आणि ती उठली. तेवढ्यात तपासणी अधिकाऱ्यांनी तिला थांबवलं. त्यांचा चेहरा अजून रागानं लाल होता.

“त्या मास्तरचं नाव काय? हयात आहे का तो? मला त्याला एकदा समोर उभं करायचं आहे.”

तुळसानं दाराकडं पाहिलं.

“ते बाहेर बाकावर बसले आहेत,” ती म्हणाली. “मला इथवर त्यांनीच आणलं.”