खरं दुखणं

वैजयंती भाजी घेऊन घरी आली तेव्हा तिचा नवरा सदानंद स्वयंपाकघरात भरलेला गॅस सिलिंडर उचलत होता. मणक्याच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालं नव्हतं.

"अहो, ठेवा तो खाली! कमर जाईल ना परत!"

सदानंदने सिलिंडर ठेवला आणि तो कण्हत भिंतीपाशी बसला. चेहरा घामाने डबडबला होता. हात मागे नेऊन त्याने कमरेवरची पट्टी चाचपली.

ही पट्टी मणक्यातली वेदना मोजायची. वेदना खरी असेल तरच फळीवरची गोळ्यांची डबी उघडायची. गोळ्यांची चटक लागू नये म्हणून डॉक्टरांनीच ती सोय केली होती. महिनाभर डबी बंदच होती. नवऱ्याची कमर बरी झाली म्हणून वैजयंतीने शेजारी पेढेही वाटले होते.

आता डबी टक्‌कन उघडली. सदानंद भिंतीला धरून उठला आणि त्याने गोळी उचलली.

"महिनाभर दुखत नव्हतं ना तुम्हाला?"

"कमर नव्हती दुखत. पण गोळीवाचून अंग थरथरतं, झोप लागत नाही. डबीला ते कळत नाही गं."

वैजयंतीने डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच्यापुढे धरला.

"बोला सदानंदराव, कमर काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

गोळी अजून त्याच्या मुठीत होती.

"कमर ठणठणीत होती, डॉक्टर," तो म्हणाला. "आज मीच ती दुखवून घेतली."