धाकट्याचं व्यसन

"सोड ते फडकं!" मास्तर ओरडले.

धाकट्या भावानं सोडलं नाही. बूट चिकटवायच्या सोल्युशनमध्ये भिजलेलं फडकं त्यानं मुठीत घट्ट आवळलं होतं. डोळे लाल झालेले होते. मास्तरांनी मनगट पिरगाळून फडकं काढून घेतलं, तसा तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

"बघितलंत?" मास्तरांची बायको दारातून म्हणाली. "मी म्हणतच होते, डबा इतक्या लवकर संपतो कसा!"

बूट बनवायच्या त्या लहानशा खोलीत दोघे भाऊ काम करायचे. धाकटा कातडं कापायचा, मास्तर सोल चिकटवायचे. काम नाजूक. लावलेल्या सोल्युशनवर धूळ बसली की महिन्याभरात सोल उकलतो, म्हणून मास्तर खिडक्या बंद ठेवायचे. सोल्युशन पुरतं सुकलं की नाही, हेही ते बोट न लावता नाकानंच ओळखायचे. बूट तोंडाजवळ धरायचा आणि छाती भरून श्वास घ्यायचा. त्यांच्या नाकाचं बाजारात नाव होतं.

अलीकडे धाकट्याचं बिनसलं होतं. येता-जाता खिडक्या उघडायचा. डबे लपवायचा. काम अर्धवट टाकून रडत बसायचा. वहिनीशी तर त्यानं बोलणंच टाकलं होतं. ती समोरून गेली तरी मान वर करायचा नाही.

"मी काय घोडं मारलंय याचं?" बायको विचारायची.

"अगं, नशेत माणसाला आपलं-परकं कळत नाही," मास्तर तिची समजूत काढायचे.

आज मात्र तिनं हट्टच धरला. "याला व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात ठेवून या. हा गेला की आपण दोघंच. निवांत."

मास्तर धाकट्यासमोर उकिडवे बसले. "ऊठ. दवाखान्यात जायचंय."

त्यांना वाटलं, आता आदळआपट होणार. पण धाकटा डोळे पुसत उठला. "खरंच येतोस, दादा?"

"मी नाही आलो तर तुला काय वरात काढून नेणार, शहाण्या?"

"मग आत्ताच चल. असाच."

वाटभर धाकट्यानं मास्तरांचा हात सोडला नाही. लहानपणी गर्दीत धरायचा तसाच. मास्तरांना भरून आलं. याला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

एका वळणावर बायको मागे पडली. दिसेचना. मास्तर थांबले. खिशातला रुमाल चोंदलेल्या नाकावर दाबून त्यांनी दोनदा जोरात श्वास ओढला आणि मागे पाहिलं. ती आलीच होती.

"किती भराभर चालता हो," ती हसून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. बायको मास्तरांच्या मागे उभी राहिली.

"कधीपासून चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं होत आली," धाकटा म्हणाला.

मास्तर चरकले. दोन वर्षं! एका खोलीत बसून आपल्याला पत्ता नाही?

"चक्कर येते? विसरायला होतं? भास?"

"सगळंच," धाकटा खाली बघत म्हणाला.

"हे हसण्यावारी न्यायचं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई सावकाश बोलू लागल्या. "ही वाफ थेट मेंदूत जाते, त्याला पोखरते. कधी नुसतं दचकायचं निमित्त होतं आणि हृदय जागच्या जागी बंद पडतं. पहिल्याच खेपेलासुद्धा. पण तुम्ही आलात हे बरं केलंत. इथं राहायचं, त्या वासापासून लांब. शरीर हळूहळू सावरतं, भास थांबतात. मनात साचलेलं ऐकायलाही इथं माणसं आहेत."

"सगळे भास थांबतात?" मास्तरांनी विचारलं.

"बहुतेकांचे थांबतात."

"मग ठेवून घ्या हो. आम्हाला मूलबाळ नाही, हाच एक आहे. याला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

धाकट्याला हुंदका फुटला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला पाणी दिलं. तो सावरल्यावर विचारलं, "भासात काय दिसतं?"

"वहिनी," धाकटा म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी वारली ती. तेव्हापासून दादा फडक्यात नाक खुपसून बसतो आणि तिच्याशी बोलतो. आज फडकं हिसकावून घेतलं, तर मलाच नशेबाज ठरवून इथं घेऊन आला. म्हटलं, असा तर असा, येतोय ना."

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची मास्तरांच्या जवळ ओढली.

"मास्तर, खरं सांगा. त्या आत्ता इथं आहेत?"

मास्तरांच्या खांद्यावर मागून अलगद हात पडला.

"नाही म्हणा," बायको म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले.